वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर? बेळगावच्या वेबसाइटवाल्यांना खुले पत्र

बेळगाव, शहापूर, टिळकवाडी, वडगाव, खानापूर, निपाणी या भागांत दुकानदारांना वेबसाइट करून देणाऱ्या तमाम मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

मी शहापुरातल्या एका कुंद्याच्या दुकानाचा हिशोब बघते. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून गल्ल्यामागची खुर्ची माझी. दुकानाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्याची गोष्ट सांगायची आहे तो मुलगा आमच्याच गल्लीतला आहे आणि माझा त्याच्यावर राग नाही. पत्र पाठवण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवलं. "काकू, सगळं लिहा, फक्त माझं नाव नको," म्हणाला. तुमच्यातले निम्मे जण आज त्याच्याच जागी उभे आहेत, म्हणून लिहायला बसले.

२०१२ साली त्यानं आम्हाला वेबसाइट करून दिली. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आठ हजार रुपये आणि दोन किलो कुंदा, एवढ्यात काम झालं. काम चोख होतं. मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली बेळगावची माणसं त्यावरून ऑर्डर द्यायची, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीला पार्सल टाकायचो. डॉट कॉमचं नाव घेताना मालक म्हणून कुणाला दाखवायचं, ईमेल कुठला द्यायचा, पैसे कुणाच्या कार्डावरून जाणार, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. त्यानं स्वतःचं नाव, कॉलेजचा ईमेल आणि वडिलांचं कार्ड घातलं. २०१७ ला तो नोकरीसाठी पुण्याला गेला. सासरे त्याला दर वर्षी बाराशे रुपये पाठवायचे, तो रिन्यू करायचा. कुणाच्याच मनात पाप नव्हतं.

२०२१ चा उन्हाळा कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुकान अर्धा दिवस उघडं, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याही मोजक्या. वेबसाइट चालू आहे की बंद, हे बघायची कुणाला शुद्ध होती? दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी साडेदहाला डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मागच्या खोलीत दूध आटायला लागलं होतं आणि उलथण्याचा कढईवर आवाज येत होता, म्हणून पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही. "अहो, तुमच्या साइटवर रमीच्या जाहिराती का येतायत?" मी फोनवर उघडून बघितलं. वर पत्त्याच्या जागी आमचंच नाव, अक्षर न् अक्षर. खाली लाल-हिरवे पत्त्यांचे पंखे, आणि माथ्यावर इंग्रजीत एक ओळ, की हे नाव विक्रीला आहे, किंमत २,८८८ डॉलर.

सासरे स्टुलावर बसले होते. म्हणाले, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "मामा, आपलं नाव गेलं."

ते उठून दारापर्यंत गेले, वर बघून परत आले. "पाटी तर हाय की जाग्यावर."

नंतर उलगडा झाला तो असा. कॉलेजनं जुने ईमेल बंद केले होते, त्यामुळे मुदत संपल्याच्या सूचना कुणाला मिळाल्याच नाहीत. वडिलांच्या कार्डाची तारीख उलटून गेली होती. जुलैअखेर मुदत संपली. डॉट कॉमच्या नावाला मुदतीनंतर साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, तीही ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिच्या मर्जीवर. त्यापुढं ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येतं. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते बाजारात मोकळं. आम्ही जागे झालो तोवर हे सगळे दिवस होऊन गेले होते. अशी सुटणारी नावं टिपायला यंत्रं चोवीस तास टपलेली असतात. ती माणसासारखी वाट बघत नाहीत, दर सेकंदाला दार वाजवतात. नऊ वर्षं चाललेलं आणि लोकांच्या येण्याजाण्यातलं नाव त्यांना आयतं सापडलं.

मुलगा त्याच रात्रीच्या बसनं पुण्याहून आला. दुकानात उभा राहून रडायचा तेवढा बाकी होता.

आम्ही कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी आमच्याच बॉक्सचं झाकण उलटं करून त्यावर पेनानं तीन रेघा ओढल्या. डॉट कॉमच्या भांडणाला एक ठरलेली वाट आहे, म्हणाले. आयकॅन म्हणून जी जागतिक संस्था या नावांचा कारभार बघते, तिनं १९९९ मध्ये एक धोरण केलं, यूडीआरपी. कोर्टात न जाता, समोरासमोर न येता, कागदावर निवाडा. सगळ्यात जास्त प्रकरणं जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातात. अलीकडे वर्षाला सहा हजारांच्या वर. पहिलंच प्रकरण कुस्तीचं होतं! अमेरिकेतल्या त्या टीव्हीवरच्या कुस्त्या करणाऱ्या कंपनीचं नाव एकानं १०० डॉलरला नोंदवलं आणि तीन दिवसांत तिलाच हजार डॉलरला विकायला काढलं. जानेवारी २००० मध्ये निकाल लागला, नाव कंपनीला मिळालं. मला वाटलं, मग आपलंही तसंच आहे की.

वकील म्हणाले, थांबा. तीन रेघांवर तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, एक जरी लंगडी पडली तरी अर्ज गेला. पहिली, ते नाव ज्याच्याशी जुळतं तो ट्रेडमार्क तुमचा आहे. दुसरी, समोरच्याचा त्या नावावर कसलाही न्याय्य हक्क नाही. तिसरी, त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आणि वाईट हेतूनंच वापरतोय.

पहिल्या रेघेलाच आम्ही अडखळलो. आमचा ट्रेडमार्क नोंदलेलाच नव्हता. तीन पिढ्या दुकान चालवून कुणाला गरज वाटली नव्हती. नोंदणी नसली तरी चालतं, पण मग लोक त्या नावानं तुम्हालाच ओळखतात याचे पुरावे द्यायचे. जुनी बिलं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, बॉक्स, ऑर्डरींचे कागद. ते आम्ही दोन रात्री बसून काढले. माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची पावतीपुस्तकं निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नाव ठसठशीत. तरी अडचण उरलीच. आमच्या डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावात, तीन शब्द होते. आडनाव, गाव आणि कुंदा. आडनाव निम्म्या शहापूरचं, गाव सगळ्यांचं, आणि कुंदा तर गल्लोगल्ली. यात तुमचं एकट्याचं काय, असं विचारलं तर उत्तर सोपं नव्हतं.

तिसऱ्या रेघेवर वकील जे बोलले ते ऐकून सासरेही हसले. "रमीच्या जाहिराती आहेत, त्याऐवजी मिठाईच्या असत्या तर बरं झालं असतं." म्हणजे असं, की सुटलेलं नाव विकत घेणं हा काही गुन्हा नाही. त्यानं आपल्यालाच डोळ्यांसमोर ठेवून ते घेतलं हे दाखवावं लागतं. पानावर कुंद्याच्या, मिठाईच्या जाहिराती असत्या तर तो आपल्या गिऱ्हाइकांवर टपलाय हे उघड झालं असतं. रमीवाल्याला बेळगाव कुठं आहे हेही बहुधा माहीत नसावं.

आणि खर्च. वायपोकडे एका नावासाठी एका परीक्षकासमोर जायची फी १,५०० डॉलर. तेव्हाच्या भावानं एक लाखाच्या वर, वकिलांचे वेगळे. जिंकलो तर काय मिळणार? नाव. तेवढंच. नुकसानभरपाई नाही, खर्च परत नाही, दिवाळीच्या बुडालेल्या ऑर्डरी तर नाहीतच. यूडीआरपीत नाव आपल्याकडे येतं किंवा रद्द होतं, तिसरं काही नाही. आम्ही सोडून दिलं. चूक केली की शहाणपणा, अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमच्याशी बोलते.

या सगळ्या धावपळीत मला एक गोष्ट कळली. कायदा अनोळखी चोराला धरायला बऱ्यापैकी तयार आहे. आपल्याकडे नावं जातात ती मात्र ओळखीतून. विश्वासाच्या माणसाच्या लॉगिनमधून, भावाभावांच्या वाटणीतून, थकलेल्या बिलातून. त्यानंतर मी आमच्या बाजारात चौकशी केली. गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्ली, उद्यमबागेतले दोन-तीन कारखानदार. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात, "ते त्या पोरालाच विचारावं लागेल." घराचा उतारा कुणाच्या नावावर आहे हे कुणी शेजारच्या पोराला विचारेल का? कूळकायद्यात कसेल त्याची जमीन होती. इथं तेही नाही. नोंद ज्याच्या नावावर, नाव त्याचं. तुम्ही नऊ वर्षं दूध आटवत बसा.

तुमच्यापैकी काही जणांच्या एका लॉगिनमध्ये तीस-तीस दुकानं आहेत हे मला माहीत आहे. सोयीचं पडतं. एका ठिकाणी बसून सगळं रिन्यू होतं, मालकाच्या मागं ओटीपीसाठी धावावं लागत नाही. पण तुम्हाला उद्या बेंगळुरूला नोकरी लागली, फोन हरवला, देव न करो पण काही बरंवाईट झालं, तर तीस दुकानांच्या पाट्या एका दिवसात उतरल्या. म्हणून मालक म्हणून नाव दुकानदाराचं घाला, ईमेल त्याच्या घरच्यांचा, मोबाइल त्याचा. तांत्रिक माणूस म्हणून तुमचं नाव राहू दे, त्याला कोण नाही म्हणतंय. बिलावर जसा जीएसटी नंबर लिहिता तशी मुदत संपायची तारीख लिहा, आणि नाव कुठल्या कंपनीकडे नोंदलं आहे तेही. आमच्या पोरानं हे केलं असतं तर सासऱ्यांनी ती तारीख रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर लिहिली असती. विम्याच्या हप्त्याची तारीख ते आजवर चुकलेले नाहीत.

थकलेल्या बिलाचं. तुमची बाजू मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. आमची व्यापारी जात पैसे देताना "दिवाळी होऊ दे" म्हणते, दिवाळी झाली की "संक्रांत होऊ दे". अशा वेळी काही जण नाव अडवून ठेवतात. बिल द्या, मग नाव दुसरीकडे हलवायचा कोड देतो. साइट बंद करायची तर करा, फोटो काढून टाका, तो तुमच्या कामाचा मोबदला आहे. पण पाटी रंगवणारा पेंटर पैसे थकले म्हणून दुकानाचं नाव घरी घेऊन जात नाही. आणि ज्या मालकाचं नाव तुम्ही असं धरून ठेवता, त्याला कायद्याचीही पटकन मदत होत नाही, हे जाणून घ्या. डॉट कॉमच्या नियमात नाव घेतानाही वाईट हेतू हवा आणि वापरतानाही. तुम्ही घेतलं तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून घेतलं होतं. मग बऱ्याचदा परीक्षक म्हणतात, हा तुमच्या आपसातल्या व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.

डॉट इनचं वेगळं आहे, आणि हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाही असं माझ्या लक्षात आलंय. डॉट इनचा कारभार दिल्लीच्या निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे आहे. त्यांचं स्वतःचं धोरण आहे, २००५ पासूनचं, आयएनडीआरपी नावाचं. त्यात वाईट हेतूच्या कलमात 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे. घेताना हेतू वाईट असला किंवा वापरताना झाला, दोन्हींपैकी एक पुरे. एका शब्दाचा फरक, पण अडवून ठेवलेल्या नावाचं सगळं प्रकरण त्या शब्दावर फिरू शकतं. निवाडा एकच लवाद करतो, १९९६ च्या लवाद कायद्याखाली, आणि साठ दिवसांत निकाल द्यावा असं धोरण सांगतं. भांडणच करायचं तर ते जिनिव्हापेक्षा दिल्लीत बरं, इतकं मला कळतं. नवीन दुकानाला नाव सुचवताना निदान डॉट इनही घ्यायला सांगा.

दुसरी एक सवय आहे ती सरळ वाईट आहे, तिला गोड बोलत बसत नाही. एका दुकानाची साइट चालायला लागली की शेजारच्याला जाऊन तसंच एक अक्षर इकडं-तिकडं केलेलं नाव सुचवायचं. आमच्याकडं हे फार सोपं जातं, कारण आपली नावं इंग्रजीत लिहायची एक रीत नाही. श्रीला कुणी दोन ई लावतं, कुणी एक आय. लक्ष्मीत कुणी एक्स घालतं, कुणी के-एस-एच. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचंच स्पेलिंग बदललं. जुन्या बेळगावचं वेगळं, नव्या बेळगावीचं वेगळं, आणि मधल्या गोंधळाची आणखी दोन. एका दुकानाच्या नावाचे आठ पत्ते सहज होतात, आठही कुणी घेतलेले नसतात. म्हणून ते घ्यायला मोकळे असतात असं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच हे सांगितलंय. रेडिफच्या नावात 'ई'च्या जागी 'ए' घालून कुणीतरी रॅडिफ काढलं होतं, कोर्टानं थांबवलं. त्याच वर्षी दिल्लीत याहूच्या नावाला इंडिया जोडणाऱ्याला थांबवलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते आपल्याच राज्यातलं प्रकरण. सत्यम इन्फोवे कंपनीनं आपल्या नावातून 'सिफी' असा शब्द घडवला होता. दुसऱ्यांनी एक 'एफ' वाढवून 'सिफीनेट' सुरू केलं आणि सांगितलं, की आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरं आहेत. बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयानं मनाई दिली, उच्च न्यायालयानं ती उठवली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनाई परत लागू केली. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे, दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल खपवण्याविरुद्धचा कायदा त्यालाही लागतो, हे तेव्हा पक्कं झालं. पाच जणांच्या आद्याक्षरांची ती गोष्ट कोर्टाला पटली नाही. आमच्या वकिलांनी हे सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "आद्याक्षरं जुळवायला काय, आमच्या घरातबी जुळतील."

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई फक्त आपल्या दुकानापुरतं बोलते. निपाणीला माझे चुलतसासरे आहेत, त्यांचं चपलांचं दुकान. आजोबांच्या नावाचं २००९ मध्ये त्यांनी डॉट कॉम घेतलं होतं. काही वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वकिलांची इंग्रजी नोटीस आली. हा आमचा ट्रेडमार्क आहे, सात दिवसांत नाव द्या, नाहीतर दावा लावू. त्यांचा वेबसाइटवाला मुलगा म्हणाला, "देऊन टाका काका, कोर्टाच्या भानगडीत पडू नका." त्यांनी दिलं, फुकट. नंतर कळलं की त्या कंपनीनं ट्रेडमार्कचा अर्जच मुळी २०१४ मध्ये केला होता. जो ट्रेडमार्क जन्मलाच नव्हता त्याच्यावर डोळा ठेवून २००९ मध्ये कुणी नाव घेतं का? यूडीआरपीचे परीक्षक अशा वेळी सहसा वाईट हेतू मानत नाहीत. शिवाय स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरायचा हक्क आपल्या ट्रेडमार्क कायद्यात, कलम ३५ मध्ये लिहिलेला आहे. आणि हक्क नसताना धमकावून नाव काढून घ्यायला बघतात, त्या प्रकाराला यूडीआरपीच्या नियमांत नाव आहे, उलटी लुबाडणूकच म्हणा. परीक्षक तसा शेरा अर्जदारावर मारू शकतात. रीतसर तक्रार आली तर उत्तराला वीस दिवस मिळतात. तेव्हा नोटीस आली की "देऊन टाका" म्हणू नका. तारखा बघा. नाव कधी घेतलं, त्यांचा ट्रेडमार्क कधीचा. एवढं जरी तुम्ही त्यांना काढून दिलं असतं, तरी ते नाव आज निपाणीत असतं.

चपलेवरून आठवलं. 'कोल्हापुरी' या शब्दावरून इकडं बरेच जण विचारतात, की आम्ही कर्नाटकातले, आम्हाला तो पत्त्यात वापरता येईल का. कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे चार. अथणीचा कारागीर त्यात आहे. नेमका वापर कसा करायचा ते मानांकनाच्या नियमांप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ठरवा. पण मानांकन आहे म्हणून यूडीआरपीत कुणाचं डोमेन ओढून घेता येईल असं मात्र समजू नका, ते धोरण ट्रेडमार्कपुरतं आहे. गावाच्या नावाचंही तसंच. बार्सिलोना शहराच्या नगरपालिकेनं वायपोकडे शहराच्या नावाचं डॉट कॉम जिंकलं होतं, पण २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. गावाचं नाव एकट्याचं होत नाही. बेळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आम्ही पुढं काय केलं ते थोडक्यात. डॉट इन घेतलं, माझ्या नवऱ्याच्या नावावर. डॉट भारतही घेतलं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालंय, मराठी त्यात आहे, नंतर कन्नड लिपीतलंही आलं. दुकानाच्या पाटीवर कुठल्या लिपीला किती टक्के जागा द्यायची याचा कायदा आहे, पत्त्याला अजून तसलं काही नाही, तेवढीच मोकळीक. देवनागरीत स्पेलिंगचा घोळ कमी, पण शून्य नाही. अनुस्वार देऊन 'कुंदा' आणि अर्धा न घालून 'कुन्दा', वाचणाऱ्याला एकच, यंत्राला दोन.

आणि ट्रेडमार्कचा अर्ज केला. छोट्या धंद्याला ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, जिनिव्हाच्या फीपुढं काहीच नाही. आपण कर्नाटकात असल्यामुळं आपलं कार्यालय चेन्नई. तासाभरावरच्या चंदगडात दुकान असतं तर मुंबई. सीमा काय काय ठरवते बघा. आडनाव, गाव आणि पदार्थ एवढ्यावर नोंदणी मिळणं अवघड, म्हणून बॉक्सवरचं चित्र आणि अक्षरांची धाटणी मिळून लेबल म्हणून अर्ज केला. कुंदा दुधाचा पदार्थ म्हणून वर्ग २९ मध्ये की मिठाई म्हणून ३० मध्ये, यावर वकिलांची आणि सासऱ्यांची अर्धा तास जुंपली. सासऱ्यांचं म्हणणं, साखर कमी असते, तो दुधाचाच. शेवटी दोन्हींत टाकला. नोंदलेला ट्रेडमार्क असेल तर त्याच्या उल्लंघनाचा दावा जिथं आपण धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, म्हणजे इथं बेळगावातच. समोरचा नोएडाचा असो की आणखी कुठला.

आमचं जुनं नाव अजून त्याच माणसाकडे आहे. रमीच्या जाहिराती गेल्या, आता पांढरं पान आहे, किंमत उतरून ६५० डॉलर झालीय. महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडल्यावर मी आधी तिथं डोकावते, मग गल्ला मोजते. त्याच्या नोंदणीलाही मुदत आहेच. त्यानं रिन्यू केलं नाही तर ते परत सुटेल, आणि या वेळी दार वाजवणाऱ्या यंत्रांत एक आमचंही लावलेलं आहे. पुण्याच्या त्या पोरानंच लावून दिलंय. मालक म्हणून नाव घालताना त्यानं तीनदा विचारलं, "काकू, कुणाचं घालू?"

तुमच्याकडं अशी तीस दुकानांची यादी असेल आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर ती घेऊन आमच्याकडं या. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. मालकांना फोन मी लावते.

आपली,
शहापूरची एक दुकानदारीण